किल्ल्यांतली बाळंतीण

ऑक्टोबर महिन्याच्या शेवटच्या रात्रीं, म्हणजे ३१ तारखेस, विलायतेंत व अमेरिकेंत 'हॅलोवीन' नांवाचा सण होतो, हें श्रोत्यांपैकीं बहुतेकांना ठाऊक असेल. अलीकडे तो आपल्याकडील मोठ्या शहरांच्या कांहीं वस्त्यांतही येऊन पोंचला आहे. मुलें भुतांचे मुखवटे घालून दारोदार खाऊ मागत हिंडतात, आणि मोठीं माणसें, विशेषतः जुन्या बंदरांच्या शहरांतून, हातांत कंदील घेतलेल्या वाटाड्यामागून रात्रींची फेरी काढतात. अमेरिकेंतील सव्हाना हें १७३३ सालीं वसलेलें बंदर अशा फेऱ्यांबद्दल प्रसिद्धच आहे. या माडीवर अमका मेला, त्या वखारींत तमका बुडाला, असें सांगत वाटाड्या पुढें चालतो आणि मंडळी जीव मुठींत धरून, पण हंसत हंसत, त्याच्या मागून जातात. तिकीट काढून भिण्याची ही सोय आपल्या पूर्वजांना सुचली नाहीं खरी. पण त्यांना भीति फुकटच मिळत असे.

सोलापूरला समुद्र नाहीं आणि बंदरही नाहीं. तेथें पाणी म्हणजे सिद्धेश्वराचें तळें, आणि त्या तळ्याच्या कांठीं उभा असलेला भुईकोट किल्ला. दुहेरी तट, भोंवतीं खंदक, आंत मशिदीचे खांब आणि जुन्या देवळाचे अवशेष, अशा या किल्ल्यांत एक विहीर आहे. तिला 'बाळंतिणीची विहीर' म्हणतात. आज मला आपणांस या बाळंतिणीविषयीं सांगावयाचें आहे. भुताच्या गोष्टी ऐकावयास मिळतील या आशेनें जे बसले असतील, त्यांची थोडी निराशा होईल. कारण भूत कसें दिसतें यापेक्षां गांवानें तें कोणाचें केलें, या प्रश्नाकडे माझें लक्ष अधिक आहे.

किल्ल्याची दंतकथा थोडक्यांत अशी. बुरूज बांधावयास घेतला. दिवसा चढवावा आणि रात्रीं ढासळावा. गवंडी थकले, किल्लेदार चिडला. ज्योतिष्याला विचारलें तेव्हां तो म्हणाला, पहिलटकरणीचा बळी द्या, बुरूज उभा राहील. मग गांवच्या पाटलाच्या घरची गर्भवती मुलगी, किंवा कोणी म्हणतात सून, पायांत घातली गेली आणि बुरूज उभा राहिला. कथेचीं रूपें अनेक आहेत; कोणी एका बुरुजाकडे बोट दाखवतो, कोणी दुसऱ्याकडे. परंतु गर्भवती स्त्री, पहिलें मूल आणि न टिकणारा दगड हीं तीन अंगें कथेंतून कधीं सुटत नाहींत.

आतां या किल्ल्याचा लिहिलेला इतिहास पाहूं. त्याचा आरंभ बहामनी राजवटींत होतो. बहामनी राज्याचे तुकडे झाल्यावर विजापूर आणि अहमदनगर या दोन दरबारांच्या मधोमध सोलापूर सांपडलें, आणि पुढचीं चाळीस वर्षें हा किल्ला दोघांच्या भांडणाचें कारण झाला. भांडण सुरू झालें तें एका लग्नावरून. सुमारें १५२४ सालीं इस्माईल आदिलशहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशहाला दिली. हुंड्यांत सोलापूर द्यावयाचें ठरलें होतें. वधू गेली, किल्ला मात्र गेला नाहीं. तेवढ्यावरून तोफा निघाल्या. पुढें १५६४ च्या सुमारास हवा पालटली. विजयनगराविरुद्ध सुलतानांना एकत्र यावयाचें होतें. तेव्हां हुसेन निजामशहानें आपली मुलगी अली आदिलशहाला दिली आणि तिच्याबरोबर सोलापूरचा किल्ला आंदण म्हणून दिला. ही मुलगी म्हणजेच चांदबिबी. हीच पुढें १५९५-९६ मध्यें अहमदनगरच्या तटावर उभी राहून मोंगलांशीं लढली, आणि १६०० सालीं आपल्याच माणसांच्या हातून मारली गेली.

म्हणजे एकच किल्ला दोनदां हुंड्याच्या यादींत लिहिला गेला. एकदां वधू पोंचली आणि किल्ला राहिला, एकदां किल्ल्यासकट वधू पोंचली. दोन्ही वेळीं मुलगी हा तहाचा कागद होता आणि किल्ला त्यावरचा शिक्का. तवारिखा लिहिणाऱ्यांनीं या व्यवहाराची नोंद केली, कारण त्यांत शहजाद्या होत्या. पाटलाच्या घरच्या मुलीची नोंद कोणी केली नाहीं. तिची गोष्ट तेवढी तोंडोतोंडीं राहिली. दरबारांतील बखरकार आणि गल्लींतील म्हातारी यांचा परस्परांशीं कांहींच संबंध नसतां दोघेही या तटाविषयीं एकाच तऱ्हेची गोष्ट सांगतात: हा दगड उभा राहण्यासाठीं, किंवा हातांत पडण्यासाठीं, कोणाची तरी मुलगी द्यावी लागते.

ही कथा सोलापूरचीच आहे असें मात्र समजूं नये. सोलापुरांत मराठी आणि कानडी एकाच ओसरीवर बोलल्या जातात. त्या कानडी मुलखांत 'केरेगे हार' नांवाचें एक जुनें लोकगीत आहे. मल्लनगौड नांवाचा गांवचा मुख्य तळें खणतो, तळ्याला पाणी लागत नाहीं, जोशी बळी मागतो. थोरली सून द्यावी तर हें अडतें, मधली द्यावी तर तें. शेवटीं धाकट्या भागीरथीवर पाळी येते. ती माहेरीं जाऊन येते. तिच्या तोंडून स्पष्ट कांहीं निघत नाहीं. घरच्या बायकांबरोबर पूजेला तळ्यांत उतरते. परततांना सोन्याची वाटी खालीं राहिली म्हणून तिला एकटीलाच माघारीं पाठवतात. ती एकेक पायरी वर चढूं लागते आणि पाणीही तिच्याबरोबर एकेक पायरी चढत येतें. तिचा नवरा लष्करांतून घरीं येतो. सारे गोष्टी टाळूं लागतात. अखेर खरें कळतें तेव्हां तोही त्याच तळ्यांत उडी घेतो. घरांतल्या प्रत्येकाला सर्व माहीत आहे आणि एकही जण बोलत नाहीं, हा या गीतांतला भयाचा खरा भाग. भुताची त्यांत गरजच पडत नाहीं.

युरोपांत अल्बानिया नांवाचा लहानसा देश आहे. तेथें श्कोद्रा गांवाजवळ रोझाफा किल्ला आहे. तीन भाऊ तट बांधतात, दिवसा बांधलेला तट रात्रीं पडतो. एक म्हातारा सांगतो कीं, उद्यां तिघांपैकीं जिची बायको जेवण घेऊन येईल तिला भिंतींत चिणा, पण घरीं कोणीं सांगावयाचें नाहीं. थोरले दोघे वचन मोडून बायकांच्या कानांत सांगतात. धाकटा वचन पाळतो. धाकटी भाकरी घेऊन येते. तिचें मूल अंगावरचें असतें, म्हणून ती म्हणते कीं, उजवा स्तन, उजवा हात आणि उजवा पाय भिंतीबाहेर ठेवा. एकानें मी बाळाला पाजीन, एकानें कुरवाळीन, एकानें पाळणा हलवीन. त्या किल्ल्याच्या दरवाजापाशीं चुनखडीचें पांढुरकें पाणी पाझरतें. अंगावर दूध यावें म्हणून बाळंतिणी तें पाणी लावीत असत. ग्रीस देशांतील आर्टाच्या पुलाची आणि रुमानियांतील आर्जेशच्या मठाची गोष्टही याच जातीची. अॅलन डंडिस या अमेरिकन पंडितानें १९९६ मध्यें अशा कथांवरील निबंधांचा एक संग्रहच काढला. कथेचें मूळ गांव कोणतें यावर युरोपांतील विद्वान पिढ्यान्‌पिढ्या भांडले, प्रत्येकाला ती आपल्याच देशाची वाटे. डंडिस यानें हिंदुस्थानाकडे बोट दाखवलें, आणि भिंतींत चिणलेली बायको म्हणजे लग्नांत कोंडलेली बायको, असा अर्थही लावला. तो सर्वांना पटेल असें नाहीं. पण कानडी मुलखांत काय, अल्बानियांत काय, पाळी धाकटीवर येते, ही गोष्ट मला डंडिसच्या सिद्धांतापेक्षां अधिक बोलकी वाटते. एकत्र कुटुंबांत सर्वांत शेवटीं आलेली, सर्वांत शेवटीं जेवणारी, जिच्या बाजूनें बोलावयास अजून कोणी तयार झालेलें नाहीं, ती धाकटी. बळी देवानें मागितला असेल. निवड घरानेंच केली.

महाराष्ट्रांत या कथेला आणखी एक वळण मिळालें. पुणें जिल्ह्यांतील लोहगडाचा गणेश दरवाजा बांधतांना सावळे घराण्यांतील माणसांचा बळी दिला आणि त्याबद्दल त्यांच्या वंशजांना लोहगडवाडीची पाटीलकी मिळाली, असें सांगतात. येथें दंतकथा नुसती भय घालीत नाहीं, वतनाची सनदही होते. पाटीलकी तुमच्याच घरांत कां, असें कोणी विचारलें तर उत्तर तयार: आमचें माणूस त्या बुरुजाखालीं आहे. कागद जळतात, कसर लागते. पायांतलें माणूस कोण उकरून पाहणार?

मग खरोखर असे बळी दिले जात होते काय? सोलापूरच्या बुरुजापुरतें बोलावयाचें तर बुरूज ढासळण्यास ज्योतिषाची जरुरी नाहीं. हा सारा मुलूख काळ्या मातीचा. ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यांत आटून हाताहाताच्या भेगा पाडते. तिच्यावर टाकलेली भिंत वर्षांतून दोनदां हलते. म्हणून जाणता गवंडी काळी काढून मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत जातो, आणि मगच पहिला दगड बसवतो. त्यांत एका अंगाला तळें आणि भोंवतीं पाण्यानें भरलेला खंदक असला, तर पाया उथळ राहिलेला बुरूज पडणारच. एकदां, दोनदां पडल्यावर कोणी तरी खोल खणलें असेल, आणि तो उभा राहिला असेल. खोल कां खणलें, हें पुढें विसरलें गेलें. खड्डा मात्र लोकांच्या ध्यानांत राहिला. असा माझा तर्क आहे, आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा.

बांधकाम माणूस खातें, ही समजूत मात्र निव्वळ खुळी म्हणतां येत नाहीं. इंग्रजी अमलांत मोठे पूल बांधावयास निघाले तेव्हां सरकार पायांत घालण्यासाठीं माणसें पकडतें, अशा आवया उठत. कलकत्त्याकडे हुगळीवरील पुलाच्या वेळीं अशी आवई उठल्याचें नमूद आहे. साहेब लोक तिला हंसले. परंतु मुंबईहून सोलापूरकडे येणारा लोहमार्ग ज्या बोरघाटांतून चढतो, तेथें १८५६ पासून १८६३ पर्यंत काम चाललें होतें. एका वेळीं ४२,००० पर्यंत मजूर त्या डोंगरावर होते. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनीं त्यांतले हजारों मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल हाही १८५९ मध्यें येतांच थोड्या दिवसांत वारला आणि त्याच्या पत्नीनें, अॅलिसबाईनें, कंत्राट पुरें करविलें. बाईंचें नांव इतिहासांत आहे, आणि तें असावें हें योग्यच. मजुरांचीं नांवें नाहींत. दंतकथेंतला बुरूज एक जीव घेऊन स्वस्थ बसतो. घाटानें हजारों घेतले. तरी त्या घाटाचें 'केरेगे हार' कोणीं रचलें नाहीं.

सोलापुरांतच बांधकामाची एक दुसरी कथा आहे आणि ती वेगळ्या वळणाची आहे. किल्ल्याच्या शेजारचें तळें बाराव्या शतकांत सिद्धरामानें आपल्या शिष्यांसह खणलें, अशी परंपरा आहे. या गांवाचें तेव्हांचें नांव सोन्नलिगे. पुढें अल्लमप्रभु आले आणि तळें खणण्यांत गुंतलेल्या सिद्धरामाला त्यांनीं 'ओड्ड', म्हणजे माती-दगडाचें काम करणारा, असें म्हणून हिणवलें, असें शरणसाहित्यांत सांगितलें आहे. हिणवण्यामागचा अध्यात्माचा मुद्दा मोठा असेल; पण इतिहास वाचणाऱ्याला त्यांतून एवढें दिसतें कीं, या तळ्याच्या कथेंत पाणी घामानें लागलें, रक्तानें लागलें नाहीं. एकाच पाण्याच्या कांठावर या दोन कथा आठशें पावलांच्या आंत नांदत आहेत.

आतां बाळंतिणीकडे परत येऊं. मराठींत भुतांची जितकी बारीक वर्गवारी आहे तितकी क्वचितच कोठें असेल. मुंजा, समंध, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, चकवा; प्रत्येकाची जात निराळी, झाड निराळें. बायकांच्या भुतांत जखीण, लांवसट, हडळ आणि अळवंतीण. यांपैकीं अळवंतीण म्हणजे गरोदरपणीं किंवा बाळंतपणीं मेलेली बाई. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्यानें गांवोगांवच्या शाळामास्तरांकडून अशी माहिती मागवली होती. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकास अनंत कान्हेरे यांच्या गोळीनें तो मेला, आणि त्याच्या टिपणांवरून एंथोवेन यानें १९१५ मध्यें कोंकणच्या लोकसमजुतींचें पुस्तक केलें. मास्तरांनीं शाळेच्या वेळांत भुतांची शिरगणती केली असेल असें मनांत येऊन हंसूं येतें. पण त्या शिरगणतींत एक गोष्ट लक्षांत राहते. सर्वांत अधिक भय बाळंतिणीचें. ती परत येऊं नये म्हणून तिच्या वाटेवर धान्य पेरावें, खिळे ठोकावे, असे तोडगे. जिच्या मृत्यूनें सर्वांत अधिक रडावें, तिलाच घरानें दाराबाहेर अडवावें!

याचें कारण भुतांत नाहीं, बाळंतिणीच्या खोलींत आहे. ती खोली अंधारी, खिडकी बुजवलेली, बाजेखालीं शेगडी. नाळ कापावयाची ती घरांतल्या विळ्यानें किंवा जें हातीं लागेल त्यानें. पांचव्या-सहाव्या रात्रीं सटवी येते, तिची पूजा करावयाची, कोरा कागद आणि लेखणी ठेवावयाची, ती बाळाच्या कपाळीं लिहून जाते. ती रात्र जागून काढावयाची, कारण त्या सुमारास बाळें दगावत. तीं कां दगावत तें आज आपणांस ठाऊक आहे. नाळेंतून शिरलेला धनुर्वात पहिल्या आठवड्यांतच बाळाला ओढून नेतो. बाळंतिणीला येणारा ताप हा पोटांत गेलेल्या घाणीचा ताप, हें १८४७ सालीं व्हिएन्ना शहरांत सेमेलवाइस यानें दाखवून दिलें. डॉक्टरांनीं क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्यानें हात धुतले आणि मृत्यु झपाट्यानें उतरले. त्याच्या हयातींत त्याचें पुष्कळांनीं मानलें नाहीं. हिंदुस्थानांतून बाळंतिणीचा व नवजात बाळाचा धनुर्वात हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपला, असें ठरावयास २०१५ साल उजाडावें लागलें. सटवीचें भय किती शतकें जागें होतें आणि कशासाठीं, याचा हिशोब या एका सालांत आहे.

जुन्या वाड्यावाड्यांतून बाळंतपणांत गेलेल्या बायकांची मोजदाद कोणी ठेवली नाहीं. नवऱ्यानें दुसरें लग्न केलें, देव्हाऱ्यांत एक टांक बसला, नव्या सुनेनें त्याला नमस्कार केला आणि पहिलीच्या साड्या नेसल्या. अविधवा नवमीला तिच्या नांवानें सवाष्ण जेवली तर जेवली. जिला पान वाढलें गेलें ती घरची पितर झाली; जिला कोणी वाढलें नाहीं ती अळवंतीण होऊन विहिरीवर बसली. किल्ल्याच्या विहिरीवर जी बाळंतीण आहे, ती पाटलाची मुलगी असो वा नसो. पण ज्या गांवांत प्रत्येक आळींत अशी एखादी गेली असेल, तेथें सर्वांची मिळून एक विहीर असावी, यांत नवल नाहीं.

हॅलोवीनचें मूळही पानाशींच जाऊन पोंचतें. आयर्लंडांतील जुन्या लोकांचा हिंवाळा सुरू होण्याचा सण ख्रिस्ती पंचांगांत मिसळला. १ नोव्हेंबर सर्व संतांचा दिवस, २ नोव्हेंबर सर्व मृतात्म्यांचा. त्या आधींची रात्र ती ही. मृतांच्या नांवानें दारोदार रोट्या वाटीत; मागणाऱ्यानें रोटी घेऊन त्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची. सलगमें कोरून आंत दिवा ठेवीत. १८४५ नंतरच्या दुष्काळांत आयरिश माणसें अमेरिकेंत गेलीं, तेथें भोपळे मोठे आणि स्वस्त मिळाले, सलगम मागें पडला. आणि प्रार्थनाही हळूहळू मागें पडली, खाऊ राहिला.

अमावास्या म्हणजे घराबाहेर पडूं नये, असें शहरांतल्या माणसाला वाटतें. अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, आणि पलीकडे धाराशिव व लातूर या भागांत मार्गशीर्षाच्या अमावास्येला उलट होतें. तिला 'वेळ अमावास्या' किंवा 'येळवस' म्हणतात. त्या दिवशीं गांवें ओस पडतात आणि शेतें भरतात. ज्वारी उभी असते. कडब्याची खोप करून तींत पांच पांडवांचे चुना लावलेले दगड मांडतात. मडक्यांत ताकाचें आंबील, पालेभाज्या, शेंगा व डाळी एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर; आप्त-परके सर्वांना रानांत जेवावयास बोलावणें. पिकावर आंबील शिंपडतात आणि अंधार पडतां पडतां पेटती गवताची चूड घेऊन पोरें शेताभोंवतीं धांवतात. अमावास्येच्या काळोखांत आग घेऊन फिरण्याची हौस आयर्लंडांत आहे आणि अक्कलकोटांतही आहे. पण येथें तिकीट नाहीं, आणि ज्याला वाढलें नाहीं असा कोणी रानांत उरूं नये, याचा कटाक्ष आहे.

सोलापूरच्या किल्ल्यावर खऱ्या लढाईंत मेलेलीं माणसें थोडीं नाहींत. १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोच्या फौजेनें पेशव्यांचें सैन्य येथें मोडलें तेव्हां शेंकडों पडले. त्यांचीं भुतें कोणी सांगत नाहीं. लढाईंत मरणें हें शिपायाच्या नशिबीं धरलेलेंच असतें. १९३० च्या मे महिन्यांत या शहरावर लष्करी कायदा पुकारला गेला आणि १२ जानेवारी १९३१ रोजीं, संक्रांतीच्या अगदीं तोंडावर, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्यास फांशीं दिलें. अकालीं, अन्यायानें आलेला मृत्यु. जुन्या हिशोबानें भूत होण्यास याहून अधिक कारण नको. परंतु ते भूत झाले नाहींत. त्यांचा चौक झाला, पुतळे झाले, चौघांचीं नांवें शाळकरी मुलगा धडाधड सांगतो. मृत्यूच्या प्रकारानें भूत ठरत नाहीं, गांव पुढें त्याचें काय करतें यानें ठरतें, असें मला यावरून वाटतें.

आणि किल्ल्याच्या भिंतीला लागून याचा दुसरा दाखला दर वर्षीं पाहावयास मिळतो. सिद्धरामाशींच लग्न लावीन, असा हट्ट एका कुंभाराच्या मुलीनें धरला. तो विरक्त, त्यानें आपल्या योगदंडाशीं लग्न लावावयास तिला परवानगी दिली. ही कथा गड्ड्याच्या यात्रेंत उभी राहते. भोगीला अडुसष्ट लिंगांना तेल लावतात. संक्रांतीला सातही नंदीध्वज वाजत गाजत येतात, पांढरी बाराबंदी घातलेले हजारों लोक तळ्याकांठीं जमतात आणि त्या दंडावर अक्षता पडतात. सगळ्या शहराला हें लग्न घरचें वाटतें. तिसऱ्या दिवशीं होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला साडी नेसवतात, दागिने घालतात, आणि ती कुंभारकन्या म्हणून होमांत अर्पण करतात.

कुंभारकन्येचें स्वतःचें नांव कथेंत नाहीं. पाटलाच्या मुलीचेंही नाहीं. दोघी तरुण, दोघी या तळ्याच्या कांठच्या, दोघींचा शेवट कोणाच्या तरी मोठ्या कामासाठीं. पण एकीला वर्षाला एकदां साडी मिळते, हळद-कुंकू मिळतें, अक्षता टाकावयास सारें शहर येतें, आणि तिला कोणी भीत नाहीं. लहान मुलांना खांद्यावर घेऊन लोक ती आग दाखवतात. नंतर वासरूं आणतात. त्याच्या वागण्यावरून येत्या वर्षाचा पाऊस आणि पिकाचा भाव सांगणारी भाकणूक होते, आणि ती ऐकण्यासाठीं गर्दी दाटते.

होम मैदानावरून किल्ल्याचा तट दिसतो. त्या वेळेला त्याचे दरवाजे लागलेले असतात, कारण हें संरक्षित स्मारक सूर्यास्तानंतर बंद होतें. बाळंतिणीची विहीर त्याच्या आंत आहे.